वाचणाऱ्या गुलामाला सत्ता का भिते?

२०२५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत तीन गोष्टी घडल्या. ५ मे रोजी पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाच्या ‘जेम्स’ या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. तीनच दिवसांनी, ८ मे रोजी, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या वतीने आलेल्या दोन वाक्यांच्या ई-मेलने कार्ला हेडन यांना ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या प्रमुख ग्रंथपाल पदावरून काढून टाकण्यात आले. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. आणि २३ मे रोजी पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने असा निकाल दिला की, सार्वजनिक ग्रंथालयातून सरकारने पुस्तक काढून टाकले तर ते परत ठेवा असे म्हणण्याचा वाचकाला घटनात्मक हक्क नाही.

वरवर पाहता एक बातमी साहित्याची, दुसरी प्रशासनाची आणि तिसरी कोर्टाची. आमच्या मते तिन्ही बातम्यांमागे प्रश्न एकच आहे. कोणी काय वाचावे हे कोणी ठरवायचे? ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला स्पर्श करायची बंदी होती, त्या समाजाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच दूरच्या अमेरिकेतला हा लेखक काय वाचतो, कसे वाचतो आणि आजच्या तिथल्या राजकारणात त्याच्या वाचनाला काय अर्थ आहे, हे चळवळीच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे.

एव्हरेट यांचा जन्म १९५६ सालचा. ते वाढले दक्षिण कॅरोलायना राज्याच्या कोलंबिया या राजधानीत. गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १७४० सालीच करणारे हे राज्य. एव्हरेट यांनी मायामी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले, पुढे ब्राउन विद्यापीठात कथालेखनाची पदवी घेतली आणि आता ते कॅलिफोर्नियात इंग्रजीचे प्राध्यापक आहेत. वीसहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. १९८९ साली त्यांच्याच राज्याच्या विधिमंडळाने त्यांना भाषणाला बोलावले. सभागृहात गुलामगिरीसाठी लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्याचे निशाण लावलेले होते. त्या निशाणासमोर आपण बोलू शकत नाही असे सांगून त्यांनी भाषण अर्धवट सोडले. ते निशाण विधानभवनाच्या आवारातून पूर्णपणे हटायला २०१५ साल उजाडावे लागले. तेही चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यानंतर. हा माणूस घोषणा देणारा नाही, पण त्याला कणा आहे, एवढे यावरून कळावे.

‘जेम्स’ ही कादंबरी मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’ या १८८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर बेतलेली आहे. ट्वेनच्या कादंबरीत हक नावाचा गोरा पोरगा आणि जिम नावाचा पळून आलेला गुलाम तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून प्रवास करतात. गोष्ट हक सांगतो. जिम प्रेमळ आहे, भोळा आहे, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा आहे आणि मोडकेतोडके बोलणारा आहे. शेवटी तर टॉम सॉयर नावाचा पोरगा जिमच्या सुटकेचा खेळ करतो. जिमला त्याच्या मालकिणीने मृत्युपत्राने आधीच मुक्त केलेले आहे हे टॉमला ठाऊक असते, तरीही तो जिमला कोंडलेलाच ठेवून मजा घेतो. अमेरिकेतल्या पिढ्यान् पिढ्यांनी हे पुस्तक शाळेत वाचले.

एव्हरेट यांनी काय केले? त्यांनी ‘हकलबरी फिन’ लागोपाठ पंधरा वेळा वाचली. शेवटचे पान झाले की पुन्हा पहिले पान. शब्द धूसर होईपर्यंत, पुस्तकाचा कंटाळा येईपर्यंत वाचली, आणि मग ती मिटून ठेवली. लिहिताना ती पुन्हा उघडली नाही. ट्वेनची वाक्ये नकोत, ट्वेनचे जग मात्र अंगात भिनलेले हवे, हा त्यामागचा विचार. त्यानंतर त्यांनी तीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली.

आणि मग उलगडते काय? एव्हरेटचा जिम मोडकेतोडके बोलतच नाही. गुलाम आपसांत शुद्ध, घाटदार भाषेत बोलतात. गोरा माणूस जवळ आला की अडाण्याची बोली सुरू करतात, कारण गोऱ्यांना तेच ऐकायचे असते. ही बोली कशी बोलावी याचा धडा जिम आपल्या मुलीला आणि वस्तीतल्या पोरांना देतो. मालकाला आपण शहाणे आहोत असे वाटत राहिले पाहिजे, तरच आपला जीव वाचेल, हा त्या धड्याचा अर्थ. पाटलाच्या ओसरीसमोर मान खाली घालून ‘जोहार मायबाप’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या मनात त्या क्षणी खरोखर काय चालले असेल, असा विचार ही पाने वाचताना आमच्या वाचकांच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा जिम वाचतो. न्यायाधीश थॅचर यांच्या ग्रंथालयात तो चोरून शिरतो आणि पुस्तके वाचतो. स्वप्नात आणि तापात व्हॉल्टेअर व जॉन लॉक हे तत्त्वज्ञ त्याच्यासमोर येतात आणि तो त्यांच्याशी वाद घालतो. माणूस जन्मतः स्वतंत्र आहे असे लिहिणाऱ्या लॉकचा १६६९ च्या कॅरोलायनाच्या राज्यघटनेच्या मसुद्यात हात होता, आणि त्या घटनेने गोऱ्या मालकाला निग्रो गुलामावर संपूर्ण सत्ता दिली होती. ज्याच्या ग्रंथात स्वातंत्र्य आहे त्याच्याच कायद्यात गुलामगिरी कशी, हा प्रश्न गुलामाने स्वतः वाचून, स्वतः विचारावा, हे एव्हरेट यांनी घडवून आणले आहे. पुढे जिमला लिहायचे असते. त्यासाठी एक दुसरा गुलाम त्याला मालकाकडची पेन्सिल चोरून आणून देतो. पेन्सिलीच्या त्या तुकड्यासाठी त्याला फटके बसतात आणि अखेर त्याचा जीव जातो. त्या पेन्सिलीने जिम आपली कथा लिहितो आणि स्वतःचे नाव जेम्स असे ठेवतो.

कोणी म्हणेल, पेन्सिलीसाठी जीव घेतला ही कादंबरीकाराची कल्पना झाली. घटना काल्पनिक आहे, पण तिच्यामागचा कायदा काल्पनिक नव्हता. ही कथा घडते मिसुरी राज्यात. त्या राज्याने १८४७ साली कायदा केला की, निग्रो किंवा मिश्रवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवणारी शाळा कोणीही चालवू नये. शिक्षा पाचशे डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ही बंदी केवळ गुलामांपुरती नव्हती, मुक्त झालेल्या काळ्यांनाही ती लागू होती. याच मिसुरीच्या सेंट लुईस शहरात ड्रेड स्कॉट या गुलामाने १८४६ साली स्वातंत्र्यासाठी दावा लावला. अकरा वर्षांनी, १८५७ मध्ये, सरन्यायाधीश टेनी यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, मग दावा कसला? अक्षर हिरावून घेणारा कायदा आणि नागरिकत्व हिरावून घेणारा निकाल, दहा वर्षांच्या अंतराने, एकाच राज्याच्या मातीतले.

फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना बाल्टिमोरचा प्रसंग आठवेल. मालकीण छोट्या डग्लसला मुळाक्षरे शिकवू लागते. मालक तिला थांबवतो. हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून निरुपयोगी होईल, असे तो बजावतो. डग्लस यांनी ते ऐकले आणि मुक्तीची वाट कोणती हे त्या दिवशी आपल्याला मालकानेच दाखवले, असे पुढे लिहिले. शूद्राने वेद ऐकला तर कानात शिसे ओतण्याची आज्ञा देणाऱ्या धर्मसूत्रकारांनाही तेच भय होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी ही दोन भये एकच आहेत हे ओळखले होते.

आता इथे एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारणारे आमच्यातही आहेत. ज्या पुस्तकाने काळ्या माणसाची टवाळी केली, ज्यात तो अपमानकारक शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो, ते पुस्तक पंधरा वेळा वाचायचे कशाला? फेकून का देऊ नये? अमेरिकेतही हा प्रश्न जुना आहे. १८८५ साली कॉन्कॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ‘हकलबरी फिन’ बाहेर काढली. ती मुलांना बिघडवते, असभ्य आहे, असे त्या गोऱ्या सभ्य लोकांचे म्हणणे होते. पुढे विसाव्या शतकात काळ्या पालकांनी तिच्याविरुद्ध तक्रारी केल्या. त्यांचे दुःख खोटे नव्हते. तीस गोऱ्या मुलांच्या वर्गात एकटा काळा मुलगा बसला आहे आणि शिक्षक तो शब्द मोठ्याने वाचत आहेत, हे त्या मुलाला किती बोचत असेल! २०११ साली एका प्रकाशनाने तो शब्द काढून त्याजागी ‘गुलाम’ हा शब्द घातलेली आवृत्ती काढली. त्याने काय साधले? शब्द गेला, आणि शब्दाबरोबर तो वापरणाऱ्या समाजाविरुद्धचा पुरावाही गेला. आम्ही वकिली करतो. प्रतिपक्षाचा दस्तऐवज फाडून टाकणारा वकील खटला हरतो. तो दस्तऐवज ओळ न् ओळ वाचणारा, त्यातली विसंगती बाहेर काढणारा वकील जिंकतो.

एव्हरेट यांनी नेमके हेच केले. ट्वेनवर ते दात-ओठ खात नाहीत. उलट पुस्तकाच्या अखेरीस ट्वेनचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. ट्वेनला जिमच्या मनात शिरता येणे शक्यच नव्हते, ते काम आपले होते, अशी त्यांची भूमिका आहे.

बाबासाहेबांचे वाचन याहून वेगळे होते काय? १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पुस्तके खरेदी केली. पुस्तकांसाठी राजगृह बांधले. आणि वाचले काय? आपल्याला पशुहून हीन ठरवणारी स्मृती, पुराणे, वेद, सूत्रे. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ आणि ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ हे ग्रंथ विरोधकांच्या ग्रंथांच्या कसून केलेल्या वाचनातूनच उभे राहिले. अमेरिकेतल्या निग्रोंच्या प्रश्नाचाही त्यांचा अभ्यास होता. १९४६ साली त्यांनी दु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

“मग तुम्ही मनुस्मृती का जाळलीत?” असा टोमणा आमचे विरोधक इथे हमखास मारतात. त्याचे उत्तर सरळ आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती. सत्ता मनुस्मृतीच्या बाजूची होती. तो ग्रंथ त्यांच्या रोजच्या जगण्यावर कायदा म्हणून बसला होता, आणि तो कायदा आम्ही मानत नाही हे जाहीर करण्याचा तो विधी होता. ग्रंथालयांतून मनुस्मृती हटवा, कोणी वाचू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले नाही. ते स्वतः ती शेवटपर्यंत वाचत राहिले, उतारे देत राहिले. सत्ताहीनांनी जुलमी कायद्याची उघड होळी करणे आणि सत्ताधाऱ्यांनी गुपचूप कपाटातून पुस्तक उचलून नेणे या दोन्हींना एकाच मापाने मोजणारा एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड.

कपाटातून पुस्तके उचलून नेण्याचेच काम अमेरिकेत आज जोरात चालले आहे. लेखकांची ‘पेन अमेरिका’ ही संस्था याची मोजदाद ठेवते. २०२३-२४ या शालेय वर्षात शाळांतून पुस्तके हटवल्याच्या १०,०४६ घटना तिने नोंदवल्या. २०२४-२५ मध्ये ६,८७०. ट्रम्प दुसऱ्यांदा सत्तेवर आल्यावर चौथ्या दिवशी, २४ जानेवारी २०२५ रोजी, त्यांच्या शिक्षण खात्याने पुस्तकबंदीविरुद्धच्या तक्रारी निकाली काढल्या आणि पुस्तकबंदी ही निव्वळ अफवा आहे असे जाहीर केले. एप्रिल २०२५ मध्ये नौदल अकादमीच्या ग्रंथालयातून ३८१ पुस्तके बाहेर काढली गेली. त्यात माया अँजेलो यांचे जगप्रसिद्ध आत्मकथन होते. हिटलरचे ‘माइन काम्फ’ मात्र कपाटातच राहिले. ओरड झाल्यावर मे महिन्यात बहुतेक पुस्तके परत ठेवली गेली. कोणती पुस्तके त्यांना टोचतात आणि कोणती टोचत नाहीत, हे मात्र यातून कळून चुकले.

पण आमच्या वाचकांना सर्वांत जवळचा खटला आहे टेक्सासमधल्या लानो काउंटीचा. २०२१ साली तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून सतरा पुस्तके हटवली गेली. त्यांपैकी एक पुस्तक होते इसाबेल विल्करसन यांचे ‘कास्ट’! २०२० साली आलेला हा ग्रंथ अमेरिकेतला वंशभेद म्हणजे जातिव्यवस्थाच आहे असे सिद्ध करू पाहतो, त्यासाठी भारताच्या जातिव्यवस्थेशी तुलना करतो आणि बाबासाहेबांचा विचार अमेरिकन वाचकाच्या घरात नेतो. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली केरळात आले असताना एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी ‘अमेरिकेतले आपले एक अस्पृश्य बांधव’ अशी त्यांची ओळख करून दिली. किंग क्षणभर चमकले, आणि मग होय, मी अस्पृश्यच आहे, असे त्यांना उमगले. हा प्रसंगही या ग्रंथात आहे. असा ग्रंथ टेक्सासमधल्या कारभाऱ्यांना कपाटात नको झाला, यात नवल ते काय!

गावातले काही वाचक कोर्टात गेले. मार्च २०२३ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी पुस्तके परत ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हा पुस्तके परत ठेवण्यापेक्षा ग्रंथालयेच बंद करावीत काय, याचा विचार करायला काउंटीच्या कारभाऱ्यांनी बैठक बोलावली. अखेर तो विचार बारगळला. प्रकरण अपिलात गेले आणि २३ मे २०२५ रोजी पूर्णपीठाने दहा विरुद्ध सात अशा मतांनी वाचकांच्या विरोधात निकाल दिला. न्यायालय म्हणते, माहिती मिळवण्याच्या हक्कात सरकारी ग्रंथालयाकडून अमुक पुस्तक मागण्याचा हक्क येत नाही. त्यांपैकी सात न्यायमूर्ती आणखी पुढे गेले. ग्रंथालयात कोणती पुस्तके ठेवायची ही निवड म्हणजे सरकारचे स्वतःचे बोलणे आहे, आणि सरकारने काय बोलावे हे नागरिक ठरवू शकत नाही, असे त्यांचे मत. आणि वर हा दिलासा, की पुस्तकावर बंदी कुठे आहे? ग्रंथालयात नसेल तर विकत घ्या, मित्राकडून मागून आणा. ८ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आता हाच कायदा आहे. १९५५ साली चौदा वर्षांच्या एमेट टिलला जिथे हालहाल करून मारले गेले, तेच हे मिसिसिपी.

‘विकत घ्या, दुसरीकडून आणा.’ वाचकहो, हे वाक्य ओळखीचे वाटते ना? चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या आमच्या माणसांना गावाने हेच सांगितले होते. तुम्हाला पाणी नाही असे कोण म्हणतो? तुमच्या पाणवठ्यावर जा. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह केवळ पाण्यासाठी नव्हता हे बाबासाहेबांनी तिथेच स्पष्ट केले होते. सार्वजनिक जागेवर आमचा इतरांइतकाच हक्क आहे, हा मुद्दा होता. महाडच्या स्पृश्यांनी कोर्टात आपला फार पूर्वीपासूनचा वहिवाटीचा दावा मांडला. दहा वर्षे ते प्रकरण चालले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. लानोचे ग्रंथालय हेही लोकांच्या कराच्या पैशाने भरलेले तळेच आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला पुस्तक विकत मिळते, त्याला ग्रंथालयाची गरज नसते. ग्रंथालय असते ते ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी. गरिबाला सांगणे की दुकानातून घे, म्हणजे दारातून हाकलणेच होय.

सरकारी कपाटातले पुस्तक म्हणजे सरकारचे मत, हा युक्तिवादही आम्हाला पटत नाही. त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले. राम-कृष्णाविषयीच्या प्रकरणावरून गदारोळ उठला. ते प्रकरण गाळण्याचा घाट घातला गेला. भीमसैनिक रस्त्यावर उतरले, मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर प्रकरण राहिले, आणि शासन या मतांशी सहमत नाही अशी तळटीप तेवढी घातली गेली. ती तळटीप अनेकांना खटकते. पण कायद्याच्या दृष्टीने तिचा अर्थ पाहा. सरकार स्वतःला न पटणारे पुस्तक छापू शकते, जपू शकते, वाचकाच्या हाती देऊ शकते, आणि तरी ते मत सरकारचे ठरत नाही. जे मुंबईच्या शासनाला एका ओळीत जमले, ते टेक्सासच्या न्यायमूर्तींना जमू नये?

अमेरिकेतही हा प्रश्न नवा नव्हता. १९८२ साली न्यूयॉर्कजवळच्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयातल्या काही न्यायमूर्तींनी म्हटले होते की, विचार पटत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत. त्या यादीत रिचर्ड राइट यांचे आत्मकथन होते आणि लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेला निग्रो लेखकांच्या कथांचा संग्रहही होता. पण त्या मताला स्पष्ट बहुमत नव्हते. बहुमत नसलेला निकाल म्हणजे अर्धी भिंत. चाळीस वर्षांनी ती ओलांडली गेली.

सत्तेची बंदी ही एक बाजू झाली. दुसरी बंदी बाजाराची असते आणि ती गोड बोलून येते. एव्हरेट यांची २००१ ची ‘इरेजर’ ही कादंबरी त्यावरच आहे. तिच्यातला कृष्णवर्णीय लेखक ग्रीक नाटककारांवर लिहितो. प्रकाशक म्हणतात, हे पुरेसे ‘काळे’ नाही. चिडून तो झोपडपट्टी, गुन्हेगारी आणि शिव्या यांनी भरलेले एक खोटे पुस्तक चेष्टा म्हणून लिहितो आणि गोरा वाचक त्यावर तुटून पडतो. या कादंबरीवरचा ‘अमेरिकन फिक्शन’ हा चित्रपट २०२३ साली आला, त्याला पटकथेचे ऑस्करही मिळाले. आमच्या लेखकांनी हे लक्षात घ्यावे. प्रस्थापितांना आमच्याकडून फक्त भुकेची आणि माराची गोष्ट हवी असते. ती गोष्ट खरी आहे, ती सांगितलीच पाहिजे. पण आमच्या मुलाने तर्कशास्त्र वाचले, ग्रीक नाटके वाचली, धम्माचा अभ्यास केला, तर ‘हे दलित साहित्य नव्हे’ असे सांगणारा कोण? गुलामाने लॉकशी वाद घालावा हे एव्हरेट यांना सुचले, कारण ते स्वतः तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले. दोन आठवड्यांनी ‘जेम्स’ला न्यूयॉर्कमध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. व्यासपीठावरून एव्हरेट यांनी कबूल केले की गेले दोन आठवडे मन खचलेले आहे. समोर पुस्तकांवर प्रेम करणारी माणसे पाहून थोडी आशा वाटते, असेही ते म्हणाले. आणि लगेच पुढे बजावले की, आशा ही व्यूहरचनेची जागा घेऊ शकत नाही. आमच्या मते त्या रात्री बोललेले हे सर्वांत उपयोगी वाक्य होते.

व्यूहरचना म्हणजे काय, याचा धडाही त्याच मिसिसिपी नदीवर सापडतो. १८४७ च्या कायद्याने सेंट लुईसमध्ये काळ्यांच्या शाळा बंद पडल्या. जॉन बेरी मीचम या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने, स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने, नदीत एक आगबोट उभी केली आणि तिच्यावर शाळा भरवली, असे सांगितले जाते. कारण नदीचे पाणी संघराज्याच्या अखत्यारीतले, मिसुरीचा कायदा तिथे चालत नव्हता. ज्या नदीवरून ट्वेनचा जिम भोळेपणाने वाहत गेला, त्याच नदीवर काळी मुले मुळाक्षरे गिरवत होती. कायदा पूर्ण वाचला होता म्हणूनच त्यातली फट सापडली.

आजच्या अमेरिकेतल्या काळ्या वाचकालाही असेच करावे लागेल, आणि आम्हालाही. कोर्टातली लढाई चालू ठेवावी, पण कोर्टावर विसंबून राहू नये. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आमची माणसे उपाशीपोटी रांगेत उभी राहून पुस्तके विकत घेतात, ही आमची फार मोठी ताकद आहे. पण ती पुस्तके घरातल्या फळीवर फुलांच्या हाराखाली राहू नयेत. प्रत्येक विहारात कपाट हवे, कपाटाला कुलूप नको, आणि त्यात फक्त आपल्याच बाजूची पुस्तके नकोत. मनुस्मृतीही हवी, गोळवलकरही हवेत, पुराणेही हवीत. आमच्या पोरांनी ती एकदा नव्हे, एव्हरेटसारखी पंधरा वेळा वाचावीत आणि मग आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगावी.

वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालले आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, म्हणूनच वाचन ही बंडखोर कृती आहे, असे एव्हरेट मुलाखतींतून सांगत आले आहेत. मिसुरीच्या मालकाला हे कळले होते, धर्मसूत्रकारांना कळले होते, टेक्सासच्या कारभाऱ्यांनाही कळले आहे. ज्यांच्यासाठी ही बंडखोरी सर्वांत गरजेची आहे त्यांना ते कळायला उशीर होता कामा नये.

जयभीम!